डीएनएचे दोन्ही पदर एकदम तुटले तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना जीवशास्त्र शिकवते. खानापूर, येळ्ळूर, उचगाव, निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, मग एकदम इंग्रजी पुस्तकासमोर येऊन बसतात आणि महिनाभर वर्गात तोंड उघडत नाहीत. तोंड उघडतं ते व्हरांड्यात, मराठीत. खालचे बहुतेक प्रश्न तिथले आहेत. काही त्यांच्या घरून आले, म्हणजे ज्या घरात कुणाला तरी 'शेक', म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार, चालू आहे अशा माणसांकडून. दोन्ही एकाच पानावर ठेवलेत, वेगळे काढायला गेले तर निम्मी उत्तरं परत लिहावी लागली असती.

दुपदरी तूट म्हणजे नेमकं काय?

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन पदर. एका पदरावर जे अक्षर असेल त्याच्यासमोर दुसऱ्यावर ठरलेलंच अक्षर येतं, 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी'. त्यामुळे एकच पदर तुटला तर फारसं बिघडत नाही. समोरचा पदर दोन्ही टोकांना धरून ठेवतो आणि तुटलेल्या जागी काय लिहिलं होतं तेही सांगतो. अशा एकपदरी इजा प्रत्येक पेशीत रोज हजारोंनी होतात आणि बुजतातही.

दोन्ही पदर जवळपास समोरासमोर तुटले की मात्र धरून ठेवायला कुणी राहत नाही. मधली दोन-चार अक्षरं उडाली असतील तर ती कोणती होती हे सांगणाराही नाही. गुणसूत्राचे सरळ दोन तुकडे. आपल्या एका पेशीत ४६ गुणसूत्रांचं मिळून सुमारे दोन मीटर लांबीचं डीएनए असतं, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्याही नसलेल्या केंद्रकात कोंबलेलं असतं. त्या गर्दीत ही दोन मोकळी टोकं लोंबकळत राहतात.

मॅडम, ते मागाचं उदाहरण परत सांगा की ओ.

हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझे वडील वडगावात माग चालवायचे. साडी विणताना ताण्याचा एखादा तार तुटला की ते माग थांबवायचे, वाकून दोन्ही टोकं शोधायचे, बोटं जिभेवर ओली करून पीळ द्यायचे, लागलं तर हातभर नवा धागा मध्ये घालून गाठ मारायचे आणि तार फणीच्या त्याच दातांतून ओढून घ्यायचे. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. पुढे दुकानात साडी उलगडणाऱ्या बाईला ती गाठ कधीच दिसत नसे.

एका रात्री लाईट खालीवर होत होती. धोटा मध्येच अडकला आणि काठाजवळचे वीस-पंचवीस तार एकदम तुटले. आईने चिमणी धरली, वडिलांनी एकेक करून सगळे जोडले. सकाळी बघितलं तर काठातला जांभळा तार अंगातल्या पिवळ्याला जोडलेला, आणि पिवळा जांभळ्याला. गाठी दोन्ही घट्ट होत्या, कामात काही खोट नव्हती. पण तिथून खाली साडीभर दोन चुकीच्या रेघा उतरल्या. त्या साडीची मजुरी कापली गेली.

पेशीचंही असंच आहे. एक तूट म्हणजे दोन टोकं, तिथे जोडी चुकायला वावच नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी तुटलं तर चार टोकं होतात, आणि मग कुठलं कुणाला जोडायचं हा प्रश्न उभा राहतो. पुढची बरीचशी उत्तरं या चार टोकांवरच येणार आहेत.

अशा तुटी होतात तरी कशाने?

बहुतेक घरच्या घरीच. पेशी विभागायच्या आधी सगळं डीएनए नकलून काढते. नक्कल करणारं यंत्र पुढे जात असताना वाटेत एकपदरी इजा आली की तिथे दुपदरी तूट तयार होऊ शकते. डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-२ नावाचं विकर (एन्झाइम) दोन्ही पदर स्वतः कापतं आणि परत जोडतं, क्वचित जोडायचं राहून जातं. प्राणवायू वापरताना तयार होणारे आक्रमक रेणू आहेतच. विभागणाऱ्या मानवी पेशीत दिवसाला अशा १० ते ५० तुटी होत असाव्यात असा प्रचलित अंदाज आहे.

बाहेरून येणारं कारण म्हणजे क्ष-किरण, गॅमा किरण आणि काही औषधं. एक ग्रे इतका किरणांचा डोस पडला तर प्रत्येक पेशीत साधारण हजारभर एकपदरी आणि ३० ते ४० दुपदरी तुटी होतात.

पेशीला कळतं कसं, कुठे तुटलंय ते?

तीन प्रथिनांची एक टोळी, एमआरएन, मोकळ्या टोकाला जाऊन चिकटते आणि एटीएम नावाच्या विकराला जागं करते. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेलं असतं त्यांपैकी एच२एएक्स या प्रकारावर एटीएम फॉस्फेटची खूण उठवतं. तुटीच्या दोन्ही अंगांना दहा-वीस लाख अक्षरांपर्यंत ही खूण पसरते. १९९८ मध्ये अमेरिकेत विल्यम बॉनर यांच्या गटाने ती शोधली. चमकणारा रंग जोडलेलं प्रतिपिंड वापरलं की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात ठिपके दिसतात, आणि ते मोजले की तुटींचा चांगला अंदाज येतो.

त्याच वेळी पी५३ प्रथिनाकडे वर्दी जाते आणि ते विभागणी थांबवतं. दुरुस्ती झाली तर गाडी पुढे, नाहीच जमली तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत हे पी५३च बिघडलेलं सापडतं.

ते जोडतंय कोण ओ?

दोन मुख्य पद्धती आहेत. पुस्तकातली नावं जडच आहेत, असमजात टोक-जोडणी आणि समजात पुनर्संयोजन. मी व्हरांड्यात 'टोकाला टोक' आणि 'नक्कल बघून' म्हणते, इथेही तेच म्हणेन.

टोकाला टोक: कू७० आणि कू८० ही दोन प्रथिनं मिळून एक कडं होतं. तूट झाली की काही सेकंदांत हे कडं टोकावर सरकतं, बांगडी हातात सरकावी तसं. मग डीएनए-पीकेसीएस नावाचं मोठं प्रथिन येतं आणि दोन्ही टोकं समोरासमोर धरतं. टोकं फाटकी असतील तर आर्टेमिस कापून नीट करतं, गरज लागली तर एखाद-दुसरं अक्षर भरलं जातं, आणि शेवटी लायगेज-४ व एक्सआरसीसी४ ही जोडी गाठ मारते. इथे मूळ मजकूर कुणी वाचत नाही. एक-दोन अक्षरं गेली तर गेली.

नक्कल बघून: हे वेगळ्याच चालीचं काम आहे. इथे तुटलेलं टोक आधी आणखी सोलतात. एमआरएन आणि सीटीआयपी नावाचं प्रथिन एका पदराला कुरतडून मागे नेतात, त्यामुळे दुसरा पदर शेकडो-हजारो अक्षरं एकटा उघडा राहतो. मोडलेल्या हाडावर उपचार म्हणून आणखी थोडं मोडावं तसं हे वाटतं, आणि मुलं दरवर्षी इथेच अडतात. पण उघडा पदर हवाच, कारण त्यालाच शोधाला जायचं असतं. त्यावर आधी आरपीए प्रथिन बसतं, म्हणजे तो स्वतःतच गुरफटत नाही. मग बीआरसीए२ येऊन आरपीएच्या जागी रॅड५१ या प्रथिनाची माळ चढवतं. ही माळ घातलेला पदर केंद्रकात स्वतःशी जुळणारा मजकूर शोधत फिरतो, सापडला की त्या शाबूत डीएनएचे पदर फाकवून आत शिरतो आणि ते वाचत वाचत स्वतःचा हरवलेला भाग लिहून काढतो. कधी कधी दोन्ही डीएनए काही काळ फुलीसारखे एकमेकांत अडकतात. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये ही फुली कागदावर मांडली, तेव्हा ती कुणी पाहिलेलीही नव्हती.

मग पेशी नेहमी नक्कल बघूनच का जोडत नाही?

नक्कल नसते म्हणून.

जमिनीचा उतारा फाटला तर कचेरीत दुसरी प्रत असेल तरच अक्षरन् अक्षर परत मिळतो. पेशीत अशी तंतोतंत प्रत फक्त डीएनएची नक्कल झाल्यापासून पेशी दुभंगेपर्यंतच असते. तेव्हा जुळं गुणसूत्र शेजारीच बांधलेलं असतं. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी तर विभागतच नाहीत. मेंदूच्या पेशीला ती प्रत कुठून मिळायची?

इथे हुशार मुलं विचारतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं प्रत्येक गुणसूत्र दोनदा असतंच की, मग त्यातलं दुसरं बघावं. असतं खरं. पण ते कन्नड परिपत्रकाच्या मराठी भाषांतरासारखं आहे. आशय तोच असतो, शब्द जागोजागी वेगळे. ते बघून लिहिलं तर तिथला फरक पुसला जातो आणि एखाद्या जनुकाची चांगली प्रत जाऊन बिघडलेली दोनदा येऊ शकते. म्हणून पेशी सहसा त्या वाटेला जात नाही. सोलायचं की नाही हे विभागणीच्या चक्रातल्या वेळेवर ठरतं. सीटीआयपीला योग्य वेळी खूण मिळाली तरच सोलणं सुरू होतं, एरवी ५३बीपी१ प्रथिन टोकं सोलू देत नाही.

माझं एक मत इथे नोंदवते. 'टोकाला टोक' ही चुका करणारी, गबाळी पद्धत असं पुस्तकं लिहितात. मला ते अन्यायाचं वाटतं. आपल्या डीएनएचा फार थोडा भाग प्रथिनांची कृती सांगतो, बाकीच्या बऱ्याच जागी एक-दोन अक्षरं गेली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. टोकं मोकळी ठेवण्यापेक्षा लगेच गाठ मारलेली केव्हाही बरी. वडील फार तर एवढंच म्हणाले असते, "गाठ बसली न्हवं, मग माग चालू कर."

या दोन्हींशिवाय आडवाटाही आहेत. त्यांतली एक पॉलिमरेज-थीटा नावाच्या विकरावर चालते आणि बरंच काही कापून टाकते. मुख्य वाटा बंद असल्या की पेशी तिकडे वळते.

चुकीची टोकं जुळली तर काय होतं?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगाचं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्र ९ आणि गुणसूत्र २२ दोन्ही तुटले होते आणि त्यांची टोकं अदलाबदलीने जुळली होती. जांभळा पिवळ्याला, पिवळा जांभळ्याला. त्या सांध्यावर दोन जनुकं चिकटून एक नवंच जनुक झालं आणि त्याचं विकर कधी थांबेच ना. ते विकर बंद पाडणारं इमॅटिनिब २००१ मध्ये औषध म्हणून आलं. दोन्ही गाठी पक्क्याच होत्या, चुकली ती जोडी.

दुसरं उदाहरण मक्याचं. बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी १९३०-४०च्या दशकांत पाहिलं की तुटलेल्या टोकांची गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, विभागणीत दोन्हीकडून ओढली जाऊन पुन्हा तुटतात, पुन्हा चिकटतात. त्याचा हिशेब मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांत दिसतो. गुणसूत्राच्या खऱ्या टोकांना मात्र टेलोमिअरची टोपी असते, म्हणून ती 'तुटलेली' धरली जात नाहीत.

आत्याला छातीचा कर्करोग झाला. बीआरसीए तपासणी सांगितली आहे. आत्याचा आणि माझा काय संबंध? मी तर आईवर गेलेय.

संबंध आहे, आणि बायकांच्या गप्पांत नेमका हाच चुकतो. 'आईला होता का, मावशीला होता का' एवढंच विचारलं जातं. बीआरसीए१ हे जनुक गुणसूत्र १७ वर आहे आणि बीआरसीए२ गुणसूत्र १३ वर. दोन्ही आईकडून येतात तशी वडिलांकडूनही येतात. आत्याला बिघडलेली प्रत आजी किंवा आजोबांकडून आली असेल तर ती तुमच्या वडिलांकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि वडिलांकडे असेल तर तुमच्याकडे येण्याचीही निम्मी. वडिलांना काही त्रास नाही म्हणून ती नाही, असं होत नाही. आणि तोंडवळा कुणावर गेलाय याचा तर काहीच संबंध नाही.

ही जनुकं मूळची रोगाची नाहीत. वर लिहिलेली रॅड५१ची माळ चढवणं हेच बीआरसीए२चं काम, आणि टोक सोलून तिथवर आणण्यात बीआरसीए१चा हात. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. एखाद्या पेशीत पुढे कधी ती दुसरीही गेली, तर त्या पेशीची नक्कल बघून जोडायची वाटच बंद होते. मग ती मिळेल त्या टोकाला गाठ मारत सुटते. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए१ची जागा दाखवली, १९९४ मध्ये जनुक हाती आलं.

बिघडलेली प्रत जन्मतः असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर सांगतात. ती शंभर नाही, हेही लक्षात ठेवा. तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते. आधी आत्याची करावी. तिच्यात नेमका कुठे बिघाड आहे ते कळलं की बाकीच्यांना तेवढंच बघावं लागतं. निकाल काय म्हणतो ते जनुकीय समुपदेशकाकडूनच समजून घ्या, शेजारणीकडून नको.

याच कमजोरीवर एक औषध निघालं. एकपदरी तुटी बुजवायला पार्प नावाचं विकर लागतं. गोळी देऊन ते अडवलं तर नक्कल काढताना त्या जागी दुपदरी तुटी होतात. चांगल्या पेशी त्या नक्कल बघून जोडतात. बीआरसीए गेलेल्या कर्कपेशींना ते जमत नाही आणि त्या मरतात. २००५ मध्ये दोन गटांनी हे एकाच वेळी प्रसिद्ध केलं आणि २०१४ मध्ये ओलापॅरिब हे अशा प्रकारचं पहिलं औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. रोगाचं जे बळ तेच त्याचं मर्म, अशी औषधं फार थोडी आहेत.

सासऱ्यांना हुबळीला शेक चालू आहे. रोज थोडा थोडा कशाला? एकदाच देऊन मोकळं का करत नाहीत? एसटीचा खर्च किती होतोय!

खर्चाचं खरं आहे. पण हे रोजचं देणंच दुरुस्तीच्या हिशेबावर बेतलेलं आहे.

आधी नावाबद्दल. 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतं, पण त्यात उष्णता जवळजवळ नसते. नेहमीचा एका दिवसाचा डोस २ ग्रे. त्याने अंगातलं पाणी एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढंही तापत नाही. तरी तेवढ्यात ज्या भागावर किरण पडतात तिथल्या प्रत्येक पेशीत ६० ते ८० दुपदरी तुटी होतात. म्हणजे उपचार उष्णतेचा नसून तुटींचा आहे.

किरण चांगल्या-वाईट दोन्ही पेशींवर पडतात. चांगली पेशी तूट दिसली की थांबते, बहुतेक तुटी काही तासांत जोडते, दुसऱ्या दिवशीपर्यंत सावरते. कर्कपेशीचं थांबायचं बटण बहुधा बिघडलेलं असतं, ती न जोडलेले तुकडे घेऊनच विभागायला जाते. मधले चोवीस तास हे चांगल्या पेशींसाठी राखून ठेवलेले असतात. सगळं एकदम दिलं तर ती संधी दोघांनाही मिळणार नाही. अलीकडे काही कर्करोगांत रोजचा डोस थोडा वाढवून दिवस कमी करतात, पण ते कुठे चालतं हे डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनाने मधला आठवडा चुकवू नका. सुट्टी चांगल्या पेशींना मिळते तशी वाईटांनाही मिळते.

आणखी एक. कर्कपेशी त्याच दिवशी मरत नाही, विभागायला गेली की मरते. म्हणून शेक संपल्यावरही काही आठवडे गाठ उतरत राहते, आणि तोंड येणं, कातडी काळवंडणं हा त्रासही लगेच थांबत नाही.

एक्स-रे, सीटी स्कॅन आणि गल्लीतला मोबाईल टॉवर?

छातीच्या एका एक्स-रेत डोस इतका कमी की साधारण तीनशे पेशींत मिळून एखादी दुपदरी तूट होईल. सीटीमध्ये सरासरी पेशीमागे एकाहून कमी. रोजच्या घरगुती तुटींपुढे हे किरकोळ दिसतं, पण किरणांची तूट जास्त फाटकी असते आणि जोडायला अवघड जाते. म्हणून गरज असेल तर सीटी टाळू नये आणि नसेल तर हौसेने करू नये.

टॉवरच्या लहरींत डीएनएचा बंध तोडण्याइतकी ताकद नसते. पुढचा प्रश्न.

आमच्याकडे सगळ्याच बायका मिश्री लावतात. निपाणीत तर घरोघरी विड्या. धूर नाही तर डीएनएला काय होतंय?

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले नायट्रोसमाइन वर्गाचे रेणू लाळेतून हिरडीच्या पेशींत जातात आणि डीएनएच्या अक्षरांना चिकटून बसतात. दोन्ही पदर लगेच तुटत नाहीत. पण पेशी नक्कल काढायला लागली की यंत्र त्या चिकटलेल्या गाठोड्यावर अडकतं, अडकलेली जागा मोडते आणि एकच टोक असलेली तूट होते. तिला जोडीदार टोकच नाही! नक्कल बघूनच ती सांधावी लागते. हे रोज सकाळी, त्याच हिरडीवर, तीस-तीस वर्षं. धूर नसला तरी तोंडाचा कर्करोग होतो, यात आता वाद उरलेला नाही. विड्या वळणाऱ्या बाईला सोडा म्हणणं सोपं आहे, तिचं घर त्यावर चालतं हे मला कळतं. मिश्री मात्र सोडता येते, तिच्यावर कुणाचं पोट नाही.

शेतीत याचा कुठे उपयोग आहे का?

आहे, आणि तुम्ही तो खाल्लेलाही असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरण वापरून भुईमुगाचं एक अख्खं घराणंच तयार केलं. टीएजी-२४ हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना माहीत असलेलं वाण त्यातलंच. बियाण्यावर किरण सोडले की डीएनए तुटतं, बीज ते जोडतं, आणि जोडताना इकडचं तिकडे होतं. हजारो रोपांतून एखादं ठेंगणं, लवकर येणारं निघतं आणि तेवढंच राखून ठेवतात. ती चूक आपल्या फायद्याची, एवढंच.

लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात, साधारण ६० ते ९० ग्रे. कोंबातल्या पेशी इतक्या तुटींनंतर विभागूच शकत नाहीत, म्हणून कांदा फुटत नाही. कांद्यात किरण 'राहत' नाहीत. बेळगावच्या बटाट्यालाही हे चालेल का, असं एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारलं. तत्त्वतः बटाट्यालाही चालतं, वाहतुकीचा हिशेब त्यांनीच करावा.

आपलं शरीर मुद्दाम डीएनए तोडतं, हे खरं?

दोन ठिकाणी तरी. बीजपेशी तयार होताना स्पो११ नावाचं प्रथिन गुणसूत्रांवर शेकडो तुटी करतं. त्या जोडताना आईकडच्या आणि वडिलांकडच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. एरवी टाळलेलं 'भाषांतर बघणं' इथे मुद्दाम केलं जातं. सख्खी भावंडं एकसारखी नसतात, त्याचं एक कारण हे.

दुसरं ठिकाण रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रॅग१ आणि रॅग२ ही प्रथिनं प्रतिपिंडांची जनुकं तोडतात आणि 'टोकाला टोक' पद्धत ते तुकडे वेगवेगळ्या जुळण्यांत जोडते. जोडताना होणारा गबाळेपणा इथे कामाचा, कारण जितका फरक जास्त तितक्या जास्त जंतूंना ओळखता येतं. सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल या अदलाबदलीच्या शोधासाठी मिळालं. आर्टेमिस किंवा रॅग जन्मतः नसलेल्या बाळाला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच.

मामाची मुलगी करायची आमच्यात रीत आहे. याचा इथे काय संबंध?

रीत आमच्याकडेही आहे, माझ्या घरातच दोन जोडपी आहेत, म्हणून जपून लिहिते. एटीएम, आर्टेमिस, लायगेज-४ यांचे आजार दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतात. आते-मामे भावंडांच्या जोडप्याच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १६ त १ असते, मामा-भाचीच्या जोडप्यात ८ त १. बहुतेक मुलं धडधाकट जन्मतात. पण घराण्यात आधी एखादं मूल चालताना तोल जाणारं, डोळ्यांत लाल शिरा दिसणारं, सारखं आजारी पडणारं असेल, तर एटीएमचा संशय घ्यावा आणि लग्नाआधी सल्ला घ्यावा. अशा मुलाला किरणोपचार नेहमीच्या डोसने देणं धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना घरचा इतिहास सांगायला लाजू नका.

क्रिस्परने जनुक बदलतात म्हणजे काय करतात?

फक्त कापतात. क्रिस्परमधलं कॅस९ हे विकर ठरवलेल्या जागी दुपदरी तूट करतं आणि तिथे त्याचं काम संपतं. पुढचं सगळं पेशीची दुरुस्ती करते. 'टोकाला टोक' जोडलं तर अक्षरं पुढेमागे होऊन जनुक बंद पडतं. सोबत नमुना दिला आणि पेशीने तो वाचला तर हवा तो मजकूर बसतो, आणि हे जमवणंच अवघड जातं. इमान्युएल शार्पाँतिये आणि जेनिफर डाउडना यांना याबद्दल २०२० चं नोबेल मिळालं. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचा २०२३ मध्ये मंजूर झालेला उपचार पहिल्या, गबाळ्या म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीवरच चालतो.

परीक्षेत २०१५ चं नोबेल दुपदरी तुटीच्या दुरुस्तीसाठी लिहिलं तर चालेल?

नाही. ते ज्यांना मिळालं त्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांचं काम एकपदरी इजा आणि नक्कल करताना झालेल्या चुका यांच्या दुरुस्तीवर होतं. दरवर्षी निम्मा वर्ग इथे गुण घालवतो.

डीएनए दुरुस्त करणाऱ्या गोळ्या मिळतात म्हणे?

पैसे वाचवा. या दुपदरी दुरुस्तीचा वेग माणसात वाढवून दाखवलेली एकही गोळी, काढा किंवा क्रीम नाही.

हे प्रत्यक्ष बघता येतं का, की नुसतं पुस्तकातच?

ठिपके बघायला महागडा सूक्ष्मदर्शक लागतो. पण तुटीचा परिणाम आमच्या साध्या प्रयोगशाळेतही दिसतो. कांद्याचं जुनं बी घ्या, वर्ष-दोन वर्षं डब्यात पडून राहिलेलं, शेतकरी टाकून देतात ते. पडून राहिलेल्या बियांत तुटी साठत जातात. ओल्या टीपकागदावर ते रुजवा. थोडंच रुजेल. सकाळी मुळाचं टोक कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात ठेवा, मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात थोडं मऊ करा, ॲसिटोकार्माइनने रंगवा आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबा. अंगठा सरकू देऊ नका.

नव्या बियांत १६-१६ गुणसूत्रांचे दोन नीट गट दोन टोकांना जाताना दिसतील. जुन्या बियांत बराच वेळ शोधल्यावर एखादी पेशी अशी सापडते की दोन्ही गट लांब गेलेत आणि मध्ये एक लालसर दोरी ताणलेली आहे. चुकीची टोकं जुळलेलं गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं जातंय. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा दिसलं खासबागच्या एका मुलीला. तिच्याही घरी माग आहे. भिंगावरून डोळा न काढता ती म्हणाली, "मॅडम, तार अडकलाय."